कंपनीशी वाद झाल्यावर कोणतं पाऊल कधी उचलावं: छोट्या तांत्रिक ठेकेदारांसाठी

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी. कुठल्याही एमआयडीसीत पॅनल, पीएलसी (मशिन चालवणारा संगणकी नियंत्रक), पाइपिंग, डक्टिंग, इपॉक्सी फ्लोअरिंग अशी खास कामं घेणाऱ्या ठेकेदारांशी बोला, तक्रार ठरलेली असते: "मशिन चालू आहे, माल बाहेर पडतोय, आणि आमचं बिल होल्डवर." ठेकेदाराचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. पण ते सिद्ध करायला कागद नसतो आणि पावलं उलट्या क्रमाने पडलेली असतात. आधी फोनवर बाचाबाची होते, मग माणसं काढून घेतली जातात, मग वकिलाची नोटीस जाते आणि सगळ्यात शेवटी जुने ईमेल शोधले जातात. हे होऊ नये म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने वाचा आणि याच क्रमाने करा.

हे मार्गदर्शन खासगी कंपन्यांची तांत्रिक कामं घेणाऱ्या छोट्या फर्मसाठी आहे. सरकारी टेंडर आणि नुसता मजूरपुरवठा यांचे नियम बरेच वेगळे आहेत, ते यात धरलेले नाहीत.

टप्पा १: कामाला हात लावण्याआधी

१. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे नोंद. ती नसेल तर आजच करा. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी मोफत होते, एजंटला पैसे देण्याचं कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत असेल तर लघु उद्योग, अशा मर्यादा आहेत. थकीत बिलाबाबतचं कायदेशीर संरक्षण या दोन वर्गांनाच आहे, मध्यम उद्योगाला नाही. नोंदणी पीओच्या (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीच्या खरेदी आदेशाच्या) तारखेआधीची हवी. काम घेतल्यानंतर नोंदणी करून मागच्या कामासाठी लाभ मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला, पण आपलं बिल त्या निकालावर टांगून ठेवण्यात अर्थ नाही. उद्यम क्रमांक कोटेशनवर, बिलावर आणि ईमेलच्या सहीखाली छापा, म्हणजे "तुम्ही लघु उद्योग आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं" असं कंपनीला म्हणता येणार नाही.

२. कोटेशन आणि पीओ शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तुम्ही कोटेशनमध्ये "सिव्हिल काम, क्रेन, मचाण, वीजपुरवठा कंपनीकडे" असं लिहिलेलं असतं. पीओत खाली एक ओळ असते: "सर्व कामांसह, पूर्ण." पीओ नंतरचा आणि तुम्ही त्यावर काम सुरू केलेलं, म्हणजे तो तुम्हाला मान्य होता असं धरलं जातं. फरक दिसला की काम सुरू करण्याआधी ईमेल करा: "आमच्या कोटेशनमधील अमुक बाबी पीओत दिसत नाहीत, त्या वगळलेल्याच आहेत असं धरून आम्ही पीओ स्वीकारत आहोत." उत्तर आलं नाही तरी हा ईमेल पुढे उपयोगी पडतो.

३. पीओत या कलमांखाली पेन्सिलने रेघ मारा: पेमेंटची मुदत, ती कोणत्या दिवसापासून मोजायची, एलडीचा (उशिराबद्दल कापायच्या भरपाईचा) दर आणि कमाल मर्यादा, रिटेन्शन (हमी म्हणून रोखून ठेवलेली रक्कम) किती आणि कधी सुटणार, वाढीव कामाला लेखी मंजुरी कोण देणार, वाद झाल्यास लवाद कुठे. "आमच्या ग्राहकाने पैसे दिल्यावर तुम्हाला मिळतील" असं कलम दिसलं तर तिथेच थांबून बोला. नंतर ते काढून घेणं फार कठीण जातं.

४. पुरवठा आणि जोडणी या ओळी पीओत वेगळ्या मागा. पॅनलची किंमत वेगळी, इन्स्टॉलेशन-कमिशनिंग वेगळं. कारण टप्पा ९ मध्ये येईल, पण तो बदल करून घेण्याची वेळ हीच असते.

तपासा: साइटवर तुम्हाला सूचना देण्याचा अधिकार कोणाला आहे, त्याचं नाव आणि ईमेल तुमच्याकडे लेखी आहे का? मेन्टेनन्सचा शिफ्ट इंजिनिअर काम सांगतो आणि परचेस म्हणतं, "त्यांना अधिकारच नव्हता." असे किती वाद झालेत त्याची मोजदाद नाही.

टप्पा २: काम चालू असताना रोजचा कागद

इथे नवीन काही शिकायचं नाही, फक्त रोज करायचं आहे. दिवसअखेर एक पानी डीपीआर (रोजच्या कामाचा अहवाल): किती माणसं, काय काम झालं, काय अडलं, कशामुळे अडलं, किती तास. तो कंपनीच्या माणसाला त्याच संध्याकाळी ईमेलवर पाठवा. सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी पाठवा.

"काय अडलं" हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. वर्क परमिट ११ वाजता मिळालं, शटडाउन रविवारी देणार होते तो दिला नाही, फाउंडेशन ओलं होतं, ड्रॉइंगला मंजुरी आली नाही, सेफ्टीने हाइटचं काम दिवसभर बंद ठेवलं. हे त्या दिवशी लिहिलं तर नोंद असते, चार महिन्यांनी एलडी लागल्यावर लिहिलं तर सबब वाटते. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ६७ असं सांगतं की काम करून घेणाऱ्याने त्यासाठी लागणारी वाजवी सोय दिली नाही, तर त्यामुळे झालेल्या कसुरीतून काम करणारा सुटतो. त्या कलमाचा आधार घ्यायला हाच रकाना लागतो.

हत्यारांचीही नोंद ठेवा. ड्रिल मशिन, वेल्डिंग सेट, क्रिम्पिंग टूल, लॅपटॉप आत नेताना इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद आणि गेटचा शिक्का असलेली यादी हवी. वाद पेटला की पहिल्यांदा गेटपास बंद होतो, आणि यादी नसेल तर स्वतःची हत्यारं स्वतःची आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

सावधान: बऱ्याच प्लांटमध्ये फोटो काढायला मनाई असते आणि तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. लपून फोटो काढू नका. साइट इन्चार्जकडे परवानगी मागा, किंवा त्यांच्याच फोनवरून काढून ईमेलवर पाठवायला सांगा. तो पुरावा जास्त भक्कम असतो.

टप्पा ३: वाढीव काम किंवा बदल सांगितला त्या दिवशी

ठेकेदार आणि कंपनीतल्या बहुतेक वादांचं मूळ या टप्प्यात असतं. "साहेब म्हणाले करून टाका, बिलात बघू." साहेबांची बदली होते, ते नोकरी सोडतात, किंवा ते खरंच तसं म्हणाले होते पण परचेसला कळवत नाहीत. त्यांच्या मनात खोट असतेच असं नाही. मात्र सिस्टिममध्ये पीओची रक्कम वाढल्याशिवाय अकाउंट्स एक रुपयाही जास्त सोडू शकत नाही, आणि हे साइटवरच्या माणसाला बऱ्याचदा माहीतच नसतं.

म्हणून तोंडी सूचना मिळाल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ईमेल जायला हवा. युजर विभाग (ज्याच्यासाठी काम चाललंय तो) आणि परचेस, दोघांनाही. मजकूर साधारण असा:

"पीओ क्रमांक अमुक. आज दुपारी आपल्या मेन्टेनन्स विभागाने लाइन ३ ची केबल ट्रे कॉलम ए-४ ऐवजी ए-७ कडून नेण्यास सांगितलं. मंजूर ड्रॉइंगच्या रिव्हिजन २ मध्ये हा मार्ग नाही. यामुळे ट्रे अंदाजे ३६ मीटर आणि केबल अंदाजे ११० मीटर वाढेल आणि काम ४ दिवस लांबेल. पीओतील दरानुसार वाढीव रकमेचा तपशील सोबत जोडला आहे. आपला खोळंबा होऊ नये म्हणून उद्यापासून हे काम सुरू करत आहोत. वेगळा निर्णय असल्यास उद्या सकाळी १० पर्यंत कळवावं आणि पीओची अमेंडमेंट द्यावी."

कोणी, कधी, काय सांगितलं, मूळ कागदात काय होतं, पैसे किती वाढतील, दिवस किती वाढतील, पुढे तुम्ही काय करणार आहात: इतकं यात आलं पाहिजे. तक्रारीचा सूर नको. "तुमच्या माणसांना काही कळत नाही" असं एक वाक्य घुसलं की उरलेला ईमेल कोणी वाचत नाही.

रक्कम छोटी असेल तर असा ईमेल करून काम सुरू करायला हरकत नाही. पण वाढीव रक्कम त्या ऑर्डरमधल्या तुमच्या नफ्यापेक्षा मोठी असेल, तर अमेंडमेंट हातात आल्याशिवाय सुरुवात करू नका, हे माझं ठाम मत आहे. संबंध बिघडतील ही भीती रास्त आहे. पण स्वतःच्या खिशातून काम करून मग चिडलेला ठेकेदार संबंध जास्त बिघडवतो.

व्हॉट्सॲपवर सूचना आली तर त्याचं उत्तर ईमेलने द्या: "आज ११.४० ला आलेल्या संदेशानुसार…" मूळ चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट पुरेल असं धरून चालू नका.

टप्पा ४: काम थांबवायचं का?

बहुतेक वेळा नाही. किमान रागाच्या भरात तरी नाही.

माणसं न सांगता काढून घेतली की दोष तुमच्याकडे सरकतो. कंपनी दुसरा ठेकेदार आणते, त्याचा खर्च तुमच्या नावे टाकते, आणि तोवर कंपनीची जी चूक होती ती कागदावर दुय्यम ठरते. थांबणं भागच असेल तर आधी लेखी कळवा: कोणतं पेमेंट किंवा कोणती सोय कोणत्या तारखेपासून बाकी आहे, कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहणार, त्यानंतर काय करणार. पीओत काम थांबवण्याच्या नोटिशीचे दिवस दिले असतील तर ते पाळा. फक्त जिवाला धोका असेल तर नोटिशीची वाट न पाहता थांबा, आणि त्याच तासाला कळवा.

दोन गोष्टी तर कधीच करू नका.

पहिली, बसवलेला माल खोलून नेणं. तुमचे पैसे बाकी असले तरी कंपनीच्या आवारात बसवलेली वस्तू परवानगीशिवाय काढली तर प्रकरण दिवाणी राहत नाही, पोलिसांत तक्रार जाते.

दुसरी, पीएलसीला पासवर्ड टाकून मशिन अडवणं, किंवा प्रोग्रॅममध्ये ठराविक तारखेला बंद पडेल असं काही ठेवणं. ऑटोमेशनवाल्यांमध्ये हा उपाय "हुकमी" म्हणून सांगितला जातो. तो माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ च्या कक्षेत येऊ शकतो, कारण अधिकार असलेल्या माणसाला संगणक प्रणाली वापरू न देणं हे त्या कलमात लिहिलेलं आहे. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली ते फौजदारी होतं. शिवाय लाइन बंद राहिल्याचं नुकसान तुमच्या बिलाच्या कितीतरी पट निघतं. प्रोग्रॅमवर हक्क ठेवायचा असेल तर कोटेशनमध्येच लिहा: "मूळ प्रोग्रॅम आणि पासवर्ड अमुक टक्के पेमेंटनंतर सुपूर्द केला जाईल." आधी कबूल करून घेतलेली अट आणि नंतर केलेली अडवणूक यांच्याकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहतो.

टप्पा ५: मोजमाप आणि सुपूर्दगी

१. काम झालं की जॉइंट मेजरमेंटची तारीख ईमेलने मागा. कोणी आलं नाही तर पुन्हा तारीख आणि वेळ देऊन कळवा, त्या वेळी मोजा आणि मोजमापाचा तक्ता पाठवून लिहा: "सात दिवसांत हरकत न आल्यास हेच मोजमाप धरून बिल सादर करू."

२. पंच पॉइंटची (राहिलेल्या त्रुटींची) यादी एकदाच, तारखेसह, दोघांच्या सहीने करा. उत्पादन अडवणारे मुद्दे वेगळे आणि रंग, लेबल, ड्रेसिंग असे किरकोळ वेगळे. ही विभागणी नसली की दोन फेरुल नाहीत म्हणून दहा टक्के रक्कम वर्षभर अडकते.

३. सुपूर्दगीचं पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात कंपनीने उत्पादन कधी सुरू केलं ती तारीख लिहा.

या तारखेला इतकं महत्त्व का? एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार पेमेंटची मुदत स्वीकृतीच्या दिवसापासून मोजतात. माल किंवा सेवा दिल्यापासून १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी दिली तोच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. हरकत घेतली असेल, तर ती तुम्ही दूर केलीत तो दिवस. म्हणजे सहा महिन्यांनी "क्वालिटी बरोबर नव्हती" म्हणणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न हाच: १५ दिवसांत लेखी काय कळवलं होतं? आणि तुमच्या बाजूने, हरकत आली असेल तर ती दूर केल्याचा कागद त्याच दिवशी गेला पाहिजे. दुरुस्ती करून येतात आणि कळवत नाहीत, अशी उदाहरणं फार आहेत.

उशीर झालेला असेल तर आणखी एक पाहा. करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिराचं काम स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळवला नसेल, तर नंतर ती मागता येत नाही. एलडीची रक्कमही आपोआप देय होत नाही. कलम ७४ नुसार करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. पीओची भाषा यात फरक पाडते, म्हणून हे मुद्दे वकिलाला दाखवून मगच पत्रात घाला.

टप्पा ६: बिल नेमकं कुठे अडलंय ते शोधा

"कंपनी पैसे देत नाही" हे वाक्य अपुरं आहे. मोठ्या कंपनीत बिल चार टेबलांवरून जातं: युजर विभाग काम झाल्याची खातरजमा करतो, स्टोअर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतं किंवा सेवेसाठी सर्व्हिस एंट्री शीट होते, परचेस दर आणि रक्कम पडताळतं, अकाउंट्स पेमेंट काढतं. एकेका टेबलाला फोन करण्याऐवजी एकच प्रश्न विचारा: "सर्व्हिस एंट्री झाली का, क्रमांक काय?" तो क्रमांक नसेल तर बिल अकाउंट्सपर्यंत पोचलेलंच नाही, आणि तिथे रोज फोन करून काही होणार नाही. पीएफ-ईएसआयचं चलन जोडलं नाही, जीएसटीसाठीचा मालाचा एचएसएन किंवा सेवेचा एसएसी क्रमांक चुकला, बिलाची तारीख पीओच्या मुदतीबाहेर गेली, अशा कारणांनी अडलेलं बिल वाद नसतानाही वादासारखं दिसतं.

आता दोन गोष्टी स्वतःच्या संगणकावरून तपासा. २६ एएस मध्ये (प्राप्तिकर खात्याकडचं तुमच्या टीडीएसचं विवरण) त्या कंपनीने तुमच्या बिलावर टीडीएस दाखवलाय का? दाखवला असेल तर बिल त्यांच्या वहीत चढलंय, "बिल मिळालंच नाही" हा मुद्दा संपला. टीडीएस कापल्याने संपूर्ण रक्कम मान्य केली असं आपोआप ठरत नाही, पण बोलणी तिथून सुरू होतात. दुसरं, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) तुम्ही ते बिल वेळेत दाखवलंय का? नसेल तर चूक तुमची आहे, आधी ती सुधारा. बिल कंपनीच्या २बी मध्ये (तिला मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटचं विवरण) दिसत नसेल तर अकाउंट्स पेमेंट रोखतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

तपासा: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत कंपनीने पैसे दिले नाहीत तर तिने घेतलेलं इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलावरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह उलटवावं लागतं. तुमच्या थकीत बिलांसमोर हे १८० दिवस कधी भरतात त्या तारखा लिहून ठेवा.

टप्पा ७: बैठक, आणि तिला नेण्याचा तक्ता

नोटिशीआधी एक नीट बैठक झालीच पाहिजे. अकाउंट्सच्या कारकुनावर ओरडून काही हाती लागत नाही, त्याच्या हातात निर्णय नसतो. युजर विभागाचे प्रमुख, परचेस आणि फायनान्स, तिघं एका टेबलाशी हवेत. तिघं वेगवेगळे भेटले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

सोबत एकच तक्ता न्या: बिल क्रमांक, रक्कम, कंपनीला मान्य असलेला भाग, वादातला भाग, कारण, तुमचा कागद. बोलताना पहिली मागणी वादात नसलेल्या रकमेची करा. बारा लाखांत दोन लाखांचा वाद असेल तर दहा लाख सोडायला काय हरकत आहे? याला सभ्य उत्तर एकच असतं. ठेकेदार मात्र भावनेच्या भरात वादाच्या दोन लाखांवरच तास घालवतात आणि दहा लाख तसेच राहतात.

डेबिट नोट (कंपनीने तुमच्या नावे रक्कम कापल्याचा कागद) आली असेल तर गप्प बसू नका. ओळीनिहाय लेखी उत्तर द्या: हे मान्य, हे अमान्य, कारण असं. एखादी चूक खरंच तुमची असेल तर ती मान्य करा. कंपनीतल्या लोकांना कोणता ठेकेदार सगळंच नाकारतो ते माहीत असतं, आणि त्याचं खरं म्हणणंही ते ऐकत नाहीत.

बैठकीनंतर त्याच दिवशी मिनिट्स पाठवा. ते कंपनीने लिहावेत अशी वाट पाहू नका.

वेळेचाही विचार करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी कायद्याच्या मुदतीत दिली नाहीत, तर त्या खर्चाची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच मिळते, ही प्राप्तिकरातली तरतूद कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये फायनान्स विभाग अशा बिलांकडे स्वतःहून पाहतो. वार्षिक हिशेबातही ही थकबाकी वेगळी दाखवावी लागते. मार्चअखेर बॅलन्स कन्फर्मेशन (बाकी रक्कम बरोबर असल्याचं पत्र) आलं तर टाळू नका, रक्कम तपासून त्यावर कंपनीची सही घ्या.

टप्पा ८: मागणीपत्र आणि मुदतीचं भान

बैठकीतून काही निघालं नाही तर आता लेखी मागणी. ती आधी तुमच्या लेटरहेडवर जाऊ द्या, वकिलाच्या नव्हे. नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि ईमेलने. बिलांची यादी, स्वीकृतीच्या तारखा, बैठकीचा संदर्भ, व्याजाची मागणी, पैसे देण्याची तारीख. चार पानांचा इतिहास नको.

दावा करण्याची साधारण मुदत ३ वर्षं असते. "पुढच्या महिन्यात देतो" ऐकत ती निघून जाते. मुदत संपण्याआधी कंपनीने देणं सही करून लेखी मान्य केलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. फोनवरच्या आश्वासनाने काही होत नाही. प्रत्येक जुन्या बिलासमोर मुदत संपण्याची तारीख लाल शाईने लिहा.

सावधान: अर्धे पैसे देताना "पूर्ण आणि अंतिम, आता कोणताही दावा नाही" अशा कागदावर सही मागतात. पगार द्यायचे असतात म्हणून लोक करून टाकतात. नंतर "दबावाखाली केली" हे सिद्ध करणं अवघड. सही करावीच लागली तर त्याच दिवशी ईमेलने हरकत नोंदवा. उशीर झाला की ती हरकत नंतर सुचलेली ठरते.

टप्पा ९: रस्ता निवडा, एका वेळी एकच

सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषद, म्हणजे थकीत बिलांचे अर्ज ऐकणारी सरकारी परिषद. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादारासाठी पहिला विचार इथला. पीओत ९० दिवस लिहिले असले तरी लेखी मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. बँक दर ५.५ टक्के धरला तर ते १६.५ टक्के होतं. अर्ज केंद्रीय एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून होतो. कंपनी दिल्ली-चेन्नईची असली तरी तुमचा उद्योग जिथे आहे तिथल्या परिषदेला अधिकार आहे, आणि पीओत खासगी लवादाचं कलम असलं तरी परिषदेकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला की लवाद. निकालाला आव्हान द्यायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. पैशाचं नियोजन त्या हिशेबाने ठेवा.

इथली अडचण "वर्क्स कॉन्ट्रॅक्ट". इमारतीशी कायमचं जोडलं जाणारं, माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम या कायद्यात बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत म्हटलेलं आहे, आणि सगळ्या न्यायालयांचं यावर एकमत नाही. टप्पा १ मध्ये पुरवठा आणि जोडणी वेगळ्या ओळींत मागायला सांगितलं ते यामुळे: निदान पुरवठ्याचा भाग स्वतंत्रपणे मांडण्याची जागा राहते. अर्ज भरण्याआधी पीओ वकिलाला दाखवून हा एक प्रश्न विचाराच.

व्यापारी न्यायालय. दावा ३ लाखांपासून पुढे असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीचा अर्ज बंधनकारक आहे. तो टाळून थेट दावा दाखल केला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मध्यस्थीत गेलेला काळ ३ वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत.

दिवाळखोरी कायदा. "एनसीएलटीत खेचतो" ही धमकी फार ऐकू येते. एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज तिथे चालतात. मार्च २०२० पासून किमान थकबाकी १ कोटी लागते. शिवाय मागणी नोटिशीआधीच कामाबाबत खरा वाद होता असं कंपनीने दाखवलं तर अर्ज टिकत नाही. पंच पॉइंटवरून वर्षभर ईमेल चालू असतील तर हा रस्ता तुमचा नाही.

टप्पा १०: तडजोड झाली तर ती पूर्ण लिहा

बरेच वाद मधेच तडजोडीवर येतात आणि मग घाईत एका ओळीचा ईमेल होतो: "साडेआठ लाखांत मिटलं." हे पुरेसं नाही. रक्कम जीएसटीसह की वगळून, टीडीएस किती, हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर मूळ पूर्ण रक्कम व्याजासह पुन्हा लागू, रिटेन्शन आणि बँक गॅरंटी कधी परत, वॉरंटीची जबाबदारी कधीपर्यंत, आत राहिलेल्या हत्यारांचा गेटपास. हे सगळं एका कागदावर, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीने. परिषदेत किंवा मध्यस्थीत प्रकरण चालू असेल तर तडजोड तिथेच नोंदवा. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे घ्या, "उद्या आरटीजीएस करतो" यावर नाही.

रक्कम कमी झाली असेल तर तेवढ्याची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढायला विसरू नका, नाहीतर न मिळालेल्या पैशावरचा जीएसटी तुमच्या खिशातून जातो. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर ही तिची शेवटची तारीख. त्या वर्षीचं वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलंत तर तोच दिवस. तडजोड लांबत असेल तर ही तारीख बैठकीत सांगा आणि करात होणारी तूट रकमेत धरून मागा.